यादी लागण्याआधी

पालकहो, आज जरा लांबच्या स्पर्धेबद्दल बोलू या. ठाणे, भायखळा, अलिबाग, पेण इथल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, घरांना 'मॅकाबिया' हे नाव नवं नाही. इतरांसाठी सांगते: जगभरातले ज्यू खेळाडू दर चार वर्षांनी इस्रायलमध्ये जमतात, ती ही स्पर्धा. पहिली १९३२ साली तेल अवीवला झाली. आता पोहण्यापासून बुद्धिबळापर्यंत सगळं त्यात असतं, क्रिकेटसुद्धा. २०२२ मध्ये दहा हजारांच्या आसपास खेळाडू आले होते. अमेरिकन जलतरणपटू मार्क स्पिट्झ पंधरा वर्षांचा असताना, १९६५ मध्ये, इथंच चमकला. म्युनिक ऑलिम्पिकची सात सुवर्णपदकं पुढची.

पण मला बोलायचंय ते स्पर्धेबद्दल नाही, संघात कोण जातं आणि कोण राहतं याबद्दल. निवडीची यादी लागते त्या दिवशी घराघरात जे होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पोर जेवत नाही, आई प्रशिक्षकावर चिडते, बाबा 'राजकारण असतं सगळं' म्हणून मोकळे होतात. कधी असतंही. पण बहुतेक वेळा यादी कशी बनते हेच आपल्याला माहीत नसतं, मग मुलाला काय समजावणार?

मॅकाबियाच्या संघांच्या निवडीत पहिली चाळणी खेळाची नसतेच. तुम्ही ज्यू आहात का, हा पहिला प्रश्न. अमेरिकेच्या संघासाठी साधारण अट अशी, की आई किंवा वडील यांपैकी एक ज्यू हवेत, नाहीतर स्वतः धर्म स्वीकारलेला हवा. शिवाय त्या देशाचं नागरिकत्व. इस्रायलच्या स्वतःच्या संघाचं मात्र वेगळं आहे. तिथं देशाचा कुठल्याही धर्माचा नागरिक खेळू शकतो, त्यामुळे अरब खेळाडूही त्या संघातून उतरतात. म्हणजे एकाच मैदानावर दोन वेगळ्या अटींनी आलेली मुलं खेळत असतात.

ही कागदपत्रं मागितली की पोरं बिथरतात. 'मी कोण आहे हे आता कागद ठरवणार का?' असं सोळा वर्षांच्या मुलीनं विचारलं तर तो उद्धटपणा नाही. आपल्या कोकणातून गेलेल्या बेने इस्रायलींना तर हा प्रश्न फार बोचरा आहे. साठच्या दशकात इस्रायलमध्ये त्यांच्या लग्नांच्या वेळी वंशावळ तपासायचा फतवा निघाला होता. धर्म पाळून शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनिवार तेली' म्हणून ज्यांना गावोगाव ओळखत, त्यांनाच पुरावा मागितला गेला. १९६४ साली त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, तेव्हा कुठं ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याची ग्वाही सरकारनं दिली. ही गोष्ट मुलांना घरातच कळू द्या, अर्ज भरायच्या आधी. आजोबांनी कशासाठी भांडण केलं ते माहीत असलं की तो रकाना भरताना हात थरथरत नाही.

आता खेळाची चाळणी. पोहणं, धावणं, उड्या यांचं त्यातल्या त्यात बरं. अधिकृत स्पर्धेत नोंदलेली वेळ किंवा अंतर पाठवायचं, समिती ते एकाखाली एक मांडते. घड्याळाशी भांडता येत नाही. तरीही धक्के असतात. बीजिंग ऑलिम्पिकच्या रिलेत शेवटच्या टप्प्यात फ्रेंच जलतरणपटूला गाठणारा जेसन लेझॅक आठवतो? २००९ मध्ये रोमची जागतिक स्पर्धा सोडून तो मॅकाबियाला गेला. असं एक नाव वरून आलं की खालचं एखादं घसरणारच. त्या खालच्या मुलाचं पोहणं काल होतं तितकंच आज चांगलं असतं. त्यात काही कमी झालेलं नसतं.

सांघिक खेळात मात्र घड्याळ नाही, प्रशिक्षकाचा डोळा आहे. मोठ्या देशांत चाचणी शिबिरं भरतात, एक-दोन दिवस मुलांना खेळवतात आणि संघ निवडतात. तिथं प्रशिक्षक 'सर्वांत चांगली बारा मुलं' शोधत नसतो, बारा जागा भरत असतो. दोन गोलरक्षक मिळाले की तिसरा कितीही चपळ असो, त्याला घरी जावं लागतं. बास्केटबॉलमध्ये चेंडू खेळवणारे चार चांगले आणि उंच मुलगा एकच, असं झालं तर मध्यम खेळणारा दुसरा उंच मुलगा आत येतो. मुलाला हे आधीच सांगा. नंतर सांगितलं तर ती समजूत काढल्यासारखी वाटते, आणि मुलांना समजूत काढलेली लगेच कळते.

आणखी एक गंमत बघा. अमेरिकेचं पथक हजाराहून मोठं असतं, आणि तरी कितीतरी चांगली मुलं मागे राहतात. भारतात सगळा ज्यू समाजच पाच हजारांच्या घरात. त्यातले शाळकरी वयाचे किती, त्यातले फलंदाज किती? मॅकाबियासाठी भारताचा क्रिकेट संघ उभा करणाऱ्यापुढे कोणाला वगळू हा प्रश्न नसतो, अकरावा कुठून आणू हा असतो. ज्या समाजानं ज्यूडा रूबेनसारखा कसोटी पंच दिला त्याला क्रिकेटचं वेड कमी नाही, माणसंच कमी. बरीचशी तर इस्रायलला गेली. दिमोना, अश्दोद, बीरशेबा, लोद इथं क्रिकेट टिकलं ते मुख्यतः भारतातून गेलेल्या कुटुंबांमुळे. म्हणून भारत-इस्रायल सामन्यात दोन्हीकडे 'कर' लागलेली आडनावं दिसली तर चकित होऊ नका. एखादा मुलगा ठाण्यातून खेळला असता तर संघात असता, तोच न्यू जर्सीतून अर्ज केला असता तर कदाचित घरी. यादी मुलाबद्दल सांगते त्याहून जास्त त्या देशातल्या गर्दीबद्दल सांगते.

वयाचंही तसंच. स्पर्धा चार वर्षांनी, आणि किशोर गटाच्या मर्यादा आखलेल्या. काहीजण नेमके त्या खिडकीत बसतात, काही महिन्यांनी हुकतात. त्यात तारखाही हलतात. २०२१ ची स्पर्धा कोविडमुळे २०२२ ला झाली. २०२५ च्या जुलैची तयारी होत आली होती. जूनमध्ये इराणशी युद्ध पेटलं आणि ती वर्षभर पुढे ढकलावी लागली. पेटी भरून बसलेल्या मुलाला काय सांगायचं, हे कुठल्याच निवड समितीच्या कागदात लिहिलेलं नसतं. ते तुमचं काम.

पैशाचं बोलणं आपण मुलांसमोर टाळतो. इथं टाळू नका. अमेरिकेच्या संघात निवड झाली तरी खेळाडूला काही हजार डॉलर उभे करावे लागतात. देणग्या मागणं, पत्रं लिहिणं मुलांनाच करायला लावतात. झेपणार नसेल तर चाचणीला जाण्याआधी सांगा, निवड झाल्यावर नव्हे.

आणि निवड झालीच तर हारतुऱ्यांच्या गडबडीत प्रश्न विचारायला लाजू नका. मुलांबरोबर कोण, डॉक्टर कोण, राहण्याची सोय कुठं. १९९७ च्या उद्घाटनाला ऑस्ट्रेलियाचं पथक यार्कोन नदीवरच्या तात्पुरत्या पुलावरून चाललं होतं. पूल कोसळला आणि चौघं गेले, त्यातले तिघं पडून नव्हे, नदीच्या घाण पाण्यातल्या संसर्गानं. प्रश्न विचारणारे पालक आयोजकांना कटकटे वाटतात. वाटू द्यात.

राखीव खेळाडूंच्या यादीबद्दल एवढंच, की ती खोटी आशा नसते. दुखापती होतात, परीक्षा आडव्या येतात, एखाद्याचा पासपोर्ट वेळेत येत नाही. पण फोनकडे बघत बसू देऊ नका. सराव चालू ठेवायचा की नाही हे मुलालाच ठरवू द्या.

बाकी, मॅकाबियात मास्टर्स गटही असतो, मोठ्या माणसांसाठी. वयाची अट खेळाप्रमाणे बदलते. ज्यांना पहिल्या चाळणीतून जाता येतं त्या आईबाबांनी एकदा स्वतःच अर्ज भरून पाहावा. रकाने तेच असतात, वेळ पाठवायची तशीच, आणि उत्तराची वाटही तशीच बघायची.