मध्यरात्रीचा सूत्रधार : जॉनी कार्सन

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनात एका ज्येष्ठ रंगकर्मींची प्रकट मुलाखत घेण्याचे काम माझ्याकडे आले होते. मी कसून तयारी केली. सुभाषिते पाठ केली, कोट्या योजून ठेवल्या. पाहुणे रंगात येऊन बोलू लागले की मला माझे पुढचे वाक्य आठवे आणि मी मध्येच तोंड घाली. टाळ्या पुष्कळ पडल्या. निरोप घेताना पाहुणे मात्र हसून म्हणाले, "छान बोललीस हो. माझं सांगायचं तेवढं राहूनच गेलं."

तो शब्द मनाला लागला. पुढे सुटीत जॉनी कार्सन या अमेरिकन निवेदकाच्या कार्यक्रमांची जुनी चित्रमुद्रणे पाहण्यात आली. दुसऱ्याला बोलू देणे हीदेखील एक कला आहे आणि ती अभ्यासाने साधते, हे त्यातून मला उमगले. तेच येथे मांडण्याचा विचार आहे.

कार्सनचा जन्म २३ ऑक्टोबर १९२५ रोजी आयोवा राज्यातील कॉर्निंग येथे झाला. तो वाढला नेब्रास्कातील नॉरफोक या लहानशा गावी. पोरवयातच त्याला जादूच्या खेळांचा नाद लागला आणि 'द ग्रेट कार्सोनी' या नावाने तो प्रयोग करू लागला. स्वभावाने लाजाळू असलेल्या या मुलाला चार लोकांसमोर उभे राहण्यासाठी ही जादू फार उपयोगी पडली असावी. दुसऱ्या महायुद्धात नौदलात सेवा केल्यावर तो नेब्रास्का विद्यापीठात दाखल झाला. १९४९ मध्ये पदवी घेताना त्याने निवडलेला प्रबंधाचा विषय आपणा विद्यार्थ्यांना विचार करावयास लावणारा आहे. रेडिओवरील नामांकित विनोदवीरांच्या कार्यक्रमांतील उतारे ध्वनिमुद्रित करून, हशा कोठे व कसा निर्माण होतो याची त्याने चिकित्सा केली. सहज वाटणाऱ्या त्याच्या विनोदामागे अशी अभ्यासाची बैठक होती.

१९५४ मध्ये रेड स्केल्टन या विनोदी नटाला तालमीत दुखापत झाली. त्याच्यासाठी लेखन करणाऱ्या कार्सनला ऐनवेळी त्याच्या जागी उभे राहावे लागले आणि ती संधी त्याने साधली. त्याच वर्षी एन.बी.सी. वाहिनीवर रात्री उशिरा लागणारा 'द टुनाइट शो' सुरू झाला. आधी स्टीव्ह ॲलन आणि नंतर जॅक पार यांनी तो नावारूपास आणला. १ ऑक्टोबर १९६२ रोजी सूत्रे कार्सनच्या हाती आली आणि २२ मे १९९२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ३० वर्षे, ती त्याच्याकडेच राहिली. प्रारंभी हा कार्यक्रम न्यूयॉर्कहून होई. १९७२ मध्ये तो कॅलिफोर्नियातील बरबँक येथे गेला.

कार्यक्रमाची घडण साधीच होती. सहकारी एड मॅकमॅहन लांबलचक सुरात त्याच्या नावाचा पुकारा करी, पडदा सरे आणि कार्सन दिवसभराच्या घडामोडींवर काही मिनिटे विनोदी भाष्य करी. एखादा विनोद फसला की तो लपवीत नसे. स्वतःच्या फजितीचीच तो थट्टा करी आणि फसलेल्या विनोदाला चांगल्या विनोदापेक्षा मोठा हशा मिळे. स्वतःला हसण्याची ही तयारी असल्यामुळेच समोरचा पाहुणा निर्धास्त होत असावा. पाहुणा गमतीचे बोलला की कार्सन मान मागे टाकून मनमुराद हसे आणि त्यावर आपली कोटी चढविण्याचा मोह बहुधा टाळी.

१९७३ मधील एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे. मनःशक्तीने चमचे वाकवितो असे सांगणारा युरी गेलर त्या वर्षी पाहुणा म्हणून आला. कार्सन स्वतः जादूगार! त्याने जेम्स रँडी या जादूगाराचा सल्ला आधीच घेतला होता आणि प्रयोगाच्या वस्तूंना गेलरचा वा त्याच्या माणसांचा हात लागणार नाही अशी व्यवस्था केली होती. गेलरला काहीच साधेना. आज शक्ती जाणवत नाही, असे तो सांगू लागला. अशा वेळी एखादा त्याच्यावर तुटून पडला असता. कार्सनने त्याला भरपूर वेळ दिला, सौजन्याने वागविले आणि तो शांत बसून राहिला. निर्णय प्रेक्षकांनीच केला.

या आसनाचे सामर्थ्य मोठे होते. नवख्या विनोदी कलावंताचा प्रवेश संपल्यावर कार्सनने त्याला जवळ बसावयास बोलावले की त्याचे भाग्य उजळले असे मानीत. १९८६ मध्ये एलेन डीजेनेरसला हा मान पहिल्याच भेटीत मिळाला. त्याच सामर्थ्याची दुसरी बाजू १९७३ च्या डिसेंबरात दिसली. शौचालयातील कागदाच्या टंचाईवर त्याने केलेला विनोद लोकांनी खरा मानला आणि दुकाने रिकामी केली! कार्सनला पुढे खुलासा करावा लागला.

परंतु केवळ गुणगान करणे अभ्यासकाला शोभत नाही. पडद्यावर इतका मोकळा वाटणारा हा मनुष्य खाजगी जीवनात अबोल व अलिप्त होता. त्याची चार लग्ने झाली; त्यांपैकी तीन मोडली. जोन रिव्हर्स या कलावतीला त्याने पुढे आणले. १९८६ मध्ये तिने दुसऱ्या वाहिनीवर स्वतःचा कार्यक्रम स्वीकारताच त्याने तिच्याशी बोलणे कायमचे तोडले. हजारो पाहुण्यांचे ऐकून घेणाऱ्याला एका जुन्या मैत्रिणीचे म्हणणे ऐकवले नाही. ही विसंगती मला अजून उलगडलेली नाही. पण १९९१ मध्ये त्याचा मुलगा रिक अपघातात मरण पावला, तेव्हा कार्यक्रमाच्या अखेरीस त्याने मुलाने काढलेली छायाचित्रे दाखविली आणि त्याच्याविषयी मोजके शब्द बोलला. त्या क्षणी मुखवटा व माणूस एक झाले होते.

निवृत्तीनंतर तो पडद्यावर क्वचितच दिसला. १९९४ मध्ये डेव्हिड लेटरमनच्या कार्यक्रमात तो अवचित आला, निवेदकाच्या आसनावर बसला, प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला आणि तो काही न बोलता निघून गेला. २३ जानेवारी २००५ रोजी त्याचे निधन झाले.

आपल्या रंगभूमीवरही सूत्रधार नाटक सुरू करून देतो आणि बाजूला होतो. ही परंपरा मी परीक्षेसाठी पाठ केली होती, पण व्यासपीठावर तिचा मला विसर पडला. यंदा पुन्हा मुलाखतीचे काम आले, तर प्रश्न कमी नेईन आणि उत्तर पुरते संपेपर्यंत थांबेन. गतवर्षीच्या पाहुण्यांचे जे सांगायचे राहिले, ते ऐकण्यासाठी त्यांच्या घरी जाण्याचे मात्र अजून बाकी आहे.