न्यू ऑर्लिन्स, दोघांसाठी: जेवण, खाडी आणि खिसा

दोघांनी तीन रात्री न्यू ऑर्लिन्सला राहायचं, त्यातला एक पूर्ण दिवस खाऱ्या पाण्यातल्या फ्लाय फिशिंगला द्यायचा आणि उरलेला वेळ खाण्यापिण्याला, तर विमानभाडं सोडून साधारण २,४०० ते २,५०० डॉलर लागतात. त्यातले हजार-अकराशे एकट्या मासेमारीच्या दिवशी जातात. हा आकडा पाहिला की होडीवरचा खर्च कापावासा वाटतो. माझं म्हणणं उलट आहे. काटकसर हॉटेलात करा, रात्रीच्या जेवणात करा. गाइडच्या पैशात करू नका.

कारण साधं आहे. अमेरिकेत चांगलं खायला घालणारी शहरं पुष्कळ आहेत आणि चांगल्या खाड्याही पुष्कळ आहेत, पण दोन्हींमध्ये तासाभराचंच अंतर असलेल्या जागा मोजक्या. फ्रेंच क्वार्टरमधून पहाटे निघालात तर उजाडताना तुम्ही होपडेल किंवा डेलाक्रॉच्या धक्क्यावर असता. पुढे मैलोन् मैल गवताळ दलदल, मधे उथळ तळी आणि त्यांत रेडफिश. हा आपल्या घोळ माशाच्या कुळातला. अंगावर तांब्याची झाक आणि शेपटीजवळ काळा ठिपका. पाणी इतकं उथळ असतं, की खेकडे शोधताना त्याची शेपटी हवेत येते. तो दिसल्यावरच गळ टाकायचा, ही इथली खरी मौज.

आता गाइडचा हिशेब. उथळ पाण्याची होडी, इंधन, रॉड, रीळ आणि फ्लाय धरून दोघांसाठी पूर्ण दिवसाचे ७५० ते ९०० डॉलर. दर होडीचा असतो, माणशी नसतो, त्यामुळे एकट्याने गेलात तरी तेवढेच. त्यावर १५ ते २० टक्के टिप, तीही रोख. टिप ऐच्छिक समजू नका. तो माणूस सहा-आठ तास होडीच्या मागच्या उंच फळीवर उभा राहून लांब दांड्याने होडी ढकलत असतो आणि तुमच्या आधी मासा तोच पाहतो. अर्ध्या दिवसाची सफर काही जण देतात, पण जाण्या-येण्यात वेळ जातो आणि हाती फारसं उरत नाही. जेवण बहुधा आपलं आपण न्यायचं असतं. आदल्या संध्याकाळी पो-बॉय (इथलं लांब पावाचं सँडविच) बांधून घ्या, दुपारी दोघांना पुरतो.

मासेमारीचा परवाना दोघांनाही लागतो. लुइझियानाच्या वन्यजीव आणि मत्स्य विभागाकडून तो ऑनलाइन मिळतो. बाहेरच्या राज्यातल्यांसाठी आणि परदेशी पाहुण्यांसाठी थोड्या दिवसांचे परवाने आहेत. दोघांचे मिळून शंभर डॉलर धरून ठेवले तर कमी पडू नयेत. कोणता परवाना घ्यायचा ते गाइडलाच विचारा, कारण भाड्याच्या होडीवरच्या पाहुण्यांसाठी वेगळा प्रकार असतो.

पूर्वी कधी फ्लाय रॉड हातात धरला नसेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. साध्या गळात शिशाचं वजन आमिषाला लांब नेतं. इथे आमिष म्हणजे ‘फ्लाय’: हुकावर पिसं, केस आणि दोरा बांधून केलेला नकली खेकडा किंवा कोळंबी, त्याला वजन नसल्यासारखंच. त्याला नेतं ते जाड दोरीचं वजन, आणि ती दोरी हवेत मागे-पुढे उलगडायला शिकावं लागतं. म्हणून निघण्याआधी महिनाभर घराजवळच्या मैदानावर सराव करा. शक्य असेल तर शंभर डॉलरच्या आसपास देऊन तासभराची शिकवणी घ्या. सगळ्या प्रवासात याइतका सत्कारणी लागणारा पैसा दुसरा नाही. चाळीस फुटांवर, वाऱ्यात, दोन झोक्यांत फ्लाय पडला तर दिवस तुमचा.

होडीच्या टोकावर एका वेळी एकच जण उभा राहतो. गाइड घड्याळाच्या भाषेत सांगतो: टोक म्हणजे बारा, ‘अकरा वाजता, चाळीस फूट’. तुम्ही तिकडे रॉड दाखवता, तो ‘अजून डावीकडे’ म्हणतो, आणि मग चहासारख्या पाण्यात अचानक तांबूस सावली दिसते. फ्लाय तिच्या पुढे दोन फुटांवर पडला पाहिजे. दोरी हाताने थोडी थोडी ओढायची. मासा वळला, तोंड उघडलं, की रॉड वर न उचलता दोरीच ताणून ओढायची. इथेच नवख्यांचे बहुतेक मासे सुटतात. बूट काढून मोज्यांवर उभं राहिलं तर दोरी पायाखाली आल्याचं लगेच कळतं. दुसऱ्याने मागे बसून लक्ष ठेवायचं, मागे येणाऱ्या हुकापासून डोकं वाचवायचं आणि मासा शोधायचा. एका माशामागून एक अशी पाळी ठरवून घ्या; जोडप्यांनी तर निघण्याआधीच ठरवावी. पोलराइज्ड गॉगल मात्र दोघांकडे हवाच, तपकिरी काचेचा. तो नसेल तर पाण्यात आकाशच दिसतं आणि हजार डॉलर वाया जातात.

मोसमाचं गणित किमतीशी जोडलेलं आहे. ऑक्टोबर ते जानेवारी मोठे, वीस पौंडांच्या वरचे मासे उथळात येतात, पाणी निवळतं, गाइडच्या तारखा भरलेल्या असतात. इथली भरती-ओहोटी जेमतेम फुटभराची, त्यामुळे पाण्याची पातळी वाराच ठरवतो; थंड वारा उत्तरेकडून सुटला की तळी रिकामी होतात. उन्हाळ्यात उकाडा भयंकर असतो, चक्रीवादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर चालतो, पण हॉटेलं स्वस्त असतात आणि ऑगस्टमध्ये ‘कूलिनरी’ नावाखाली शहरातली नामांकित रेस्टॉरंट्स ठरावीक दरात जेवण देतात. मार्डी ग्राचा उत्सव आणि एप्रिल-मेमधला जॅझ फेस्ट टाळा. तेव्हा खोल्यांचे भाव दुपटीवर जातात.

रेडफिश आणि शहराचं स्वयंपाकघर यांचं नातं जुनं आणि थोडं दुःखाचं आहे. पॉल प्रूडोम या शेफने १९७९ मध्ये के-पॉल्स हे रेस्टॉरंट काढलं आणि त्यांचा मसाला लावून तव्यावर काळा केलेला रेडफिश देशभर गाजला. मागणी एवढी वाढली, की समुद्रातला मासा संपायला आला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्यापारी मासेमारीवर बंदी आली. आज रेस्टॉरंटात मिळणारा रेडफिश बहुतेक तळ्यात वाढवलेला असतो. जून २०२४ पासून लुइझियानात माणशी दिवसाला चारच रेडफिश ठेवता येतात, तेही १८ ते २७ इंचांचे. त्याहून मोठा प्रत्येक मासा परत सोडायचा. मोठे मासेच अंडी घालणारे असतात, त्यामुळे हा नियम मनापासून पाळा. माझं मत विचाराल तर सगळेच सोडा आणि संध्याकाळी शहरात जेवा. ज्या दलदलीत तुम्ही उभे आहात तीही झिजते आहे: १९३२ पासून लुइझियानाच्या किनाऱ्याची सुमारे दोन हजार चौरस मैल जमीन पाण्याखाली गेली. तिथल्या गाइडला, धक्क्यावरच्या दुकानाला दिलेला पैसा त्या गावांत राहतो, हेही हिशेबात धरा.

खाण्याचं सूत्र एकच: मोठं जेवण दुपारी. १८९३ पासून चालू असलेल्या कमांडर्स पॅलेसमध्ये रात्री दोघांचे अडीचशे डॉलर सहज होतात. आठवड्याच्या दिवशी दुपारी तेच स्वयंपाकघर, तोच कासवाचं सूप वाढणारा थाट, शिवाय मुख्य पदार्थाबरोबर २५ सेंटची मार्टिनी, आणि बिल टिपसकट शंभर ते दीडशे. अर्धी चड्डी चालत नाही. गॅलटॉयर्समध्ये संध्याकाळी पुरुषांना जॅकेट लागतं, बॅगेत जागा ठेवा. एक रात्र मात्र डूकी चेजसारख्या जागेसाठी राखा. १९४१ पासूनचं हे कृष्णवर्णीय कुटुंबाचं रेस्टॉरंट, लीया चेज यांच्या हातच्या गंबो या दाट रश्श्याने ओळखलं गेलेलं. गंबोचा गडद रंग पीठ तेलात सावकाश, करपू न देता भाजल्याने येतो. त्याला घाई चालत नाही.

बाकी खाणं स्वस्त आहे. पार्कवेचा कोळंबीचा पो-बॉय १५ ते २० डॉलरला, त्यात दोघांची भूक भागते. १८६२ पासूनच्या कॅफे दू माँदमध्ये पिठीसाखरेत बुडालेले तीन बेन्ये (तळलेले पिठाचे तुकडे) आणि चिकोरीची दुधाळ कॉफी, दोघांचे पंधराच्या आसपास. रात्री उशिरा किंवा सकाळी उघडताच जा, रांग नसते. निखाऱ्यावर लोणी-लसणात भाजलेली कालवं डझनाला तीस डॉलरच्या आसपास पडतात. काउंटरवर बसलात तर शिंपला उघडणाऱ्याचा हात बघायला मिळतो, सुरीचं टोक सांध्यात घालून मनगट एकदाच फिरतं.

शाकाहारी जोडीदारासाठी आधी चौकशी करा. राजमा-भातासारख्या दिसणाऱ्या रेड बीन्स अँड राइसमध्ये बहुधा डुकराचं मांस असतं, हिरव्या पाल्यांच्या गंबोतही मांस असतं, आणि रोस्ट बीफ पो-बॉय म्हणजे गोमांस. खाण्याला दोघांचे एकूण पाचशे धरा. दहा टक्के विक्रीकर आणि टिप त्यातच.

राहणं फ्रेंच क्वार्टरच्या बाहेर, सेंट चार्ल्स ट्रामच्या मार्गावर करा. करासहित दोनशेच्या आसपास चांगली खोली मिळते. जाहिरातीतल्या दरात कर धरलेला नसतो आणि काही हॉटेलं वर ‘डेस्टिनेशन फी’ लावतात. ट्राम सव्वा डॉलर, दिवसाचा पास तीन. विमानतळावरून दोघांना टॅक्सी ठरलेल्या ३६ डॉलरला. गाडी फक्त मासेमारीच्या दिवसापुरती भाड्याने घ्या, पेट्रोलसकट नव्वद. पहाटे धक्क्यावर जायला ॲपची गाडी मिळेलही, परतायला मिळणार नाही. ह्यूस्टनहून साडेपाच-सहा तास गाडी हाकून येणाऱ्यांनी रात्रीच्या पार्किंगचे चाळीस-पन्नास मोजावेत.

हजार डॉलर जमत नसतील तर ग्रँड आइलला जा. शहरापासून दोन-अडीच तास, परवाना आणि पेट्रोलचाच खर्च, किनाऱ्यावर उभं राहून फ्लाय टाकता येतो. मासे कमी, वारा जास्त, पण शिकायला जागा चांगली.

आगाऊ रक्कम भरण्याआधी गाइडला तीन गोष्टी विचारा: हवा बिघडली तर निर्णय कोण घेतो आणि पैसे परत मिळतात की नवी तारीख, फ्लाय रॉड त्याच्याकडे आहेत का, आणि तो नवख्यांना आनंदाने शिकवतो का. मासेमारीचा दिवस पहिला ठेवा, म्हणजे वारा सुटला तर दुसरा हाताशी राहतो. नोव्हेंबरची तारीख हवी असेल तर उन्हाळ्यातच फोन करा. हॉटेल नंतरही मिळतं.