बॉयलरचा करार आणि आपल्या नोंदी

ब्रिटनमधल्या बहुतेक घरांचा हिवाळा गॅसच्या बॉयलरवर निघतो. बॉयलर पाणी तापवतो, पंप ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरवतो, आणि थंड झालेले पाणी परत बॉयलरकडे येते. ‘कॉम्बी’ बॉयलर असेल तर नळाचे गरम पाणीही त्याच्याकडूनच मिळते, वेगळी टाकी नसते. तो बंद पडला की घर गारठते आणि आंघोळही अडते. म्हणून इथली असंख्य कुटुंबे दरमहा पैसे भरून दुरुस्तीचा करार घेतात. आपल्याकडच्या ‘एएमसी’सारखाच हा प्रकार, आणि एएमसी घेणाऱ्याला नेहमी पडणारा प्रश्नही तोच : बिघाड करारात बसतो का, आणि ते ठरवणार कोण?

रेडिंगमधल्या आमच्या घरी ऐन जानेवारीत हा प्रश्न उभा राहिला. बाळाच्या निमित्ताने सासू-सासरे साताऱ्याहून आले होते. एका सकाळी सगळे रेडिएटर गार, आणि बॉयलरवरच्या प्रेशरचा काटा शून्याला टेकलेला. कंपनीचा इंजिनीअर आला, त्याने फिलिंग लूपमधून सिस्टीममध्ये पाणी भरले, काटा वर आणला आणि गेला. पुन्हा तेच झाले. दुसरा आला, त्याने सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला. काटा तरीही खाली. मग तिसरा आला आणि म्हणाला, “तुमच्या पाइपांत गाळ साठलाय. पॉवरफ्लश करून घ्या. गाळ करारात बसत नाही.” पॉवरफ्लश म्हणजे मशिन लावून अख्खी सिस्टीम धुऊन काढणे, आणि खर्च काही शे पौंडांचा. तो केल्याशिवाय पुढची भेट मिळणार नाही, असे फोनवर सांगण्यात आले.

घरात तान्हे मूल आणि सत्तरी ओलांडलेली दोन माणसे असताना अशा वेळी पैसे भरून मोकळे व्हावेसे वाटते. आम्ही थांबलो, कारण आमच्याकडच्या नोंदी वेगळेच सांगत होत्या. मी काट्याचे फोटो काढत होते. हीटिंग बंद असताना काटा १ बारच्या आसपास असे, हीटिंग चालू केल्यावर तो ३ बारजवळ चढे, आणि दुसऱ्या सकाळी शून्याकडे. काटा वर गेला की बाहेरच्या भिंतीतून निघालेल्या तांब्याच्या नळीतून पाणी ठिबकताना दिसे. रेडिएटर मात्र तापले की वरपासून खालपर्यंत सारखे तापत. गाळ साठलेला रेडिएटर सहसा वर गरम आणि खाली गार राहतो. शिवाय याच कंपनीने उन्हाळ्यात केलेल्या सर्व्हिसच्या कागदावर गाळाचा एका शब्दाने उल्लेख नव्हता.

हे सगळे फोटोंसकट ईमेलने पाठवले आणि दोनच गोष्टी विचारल्या. गाळ असल्याचे कोणत्या तपासणीवरून ठरवले? आणि गाळामुळे प्रेशर असे वर-खाली कसे होईल?

त्यानंतर आलेल्या अनुभवी इंजिनीअरने बॉयलरमधल्या एक्सपान्शन व्हेसलच्या हवेच्या व्हॉल्व्हचे टोपण काढले. मोटारीच्या टायरला असतो तसाच तो व्हॉल्व्ह. मधली पिन दाबली तर हवा यायला हवी होती, आले पाणी. त्याने मला जवळ बोलावून दाखवले आणि नीट समजावले. या डब्यात रबराचा पडदा असतो, एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. पाणी तापून फुगते तेव्हा पडदा मागे सरून त्याला जागा देतो. पडदा फाटला की जागा उरत नाही, प्रेशर चढते, ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी बाहेर जाते. सिस्टीम थंड झाली की तेवढे पाणी कमी पडते आणि काटा शून्यावर येतो. नवे व्हेसल बसले, तेही करारातच. पॉवरफ्लश करावा लागला नाही.

तिसऱ्या इंजिनीअरची नियत वाईट होती असे मी म्हणणार नाही. गाळ खरोखर होतो. रेडिएटरचे लोखंड आतून गंजते आणि काळी भुकटी पंपात, व्हॉल्व्हमध्ये, हीट एक्स्चेंजरमध्ये अडकते. पण तपासणी न करता काढलेल्या निष्कर्षाचा खर्च ग्राहकाने सोसायचा नसतो. या अनुभवातून हाती लागलेल्या गोष्टी पुढे देते.

करार घेण्याआधी

करार फक्त बॉयलरचा आहे, की थर्मोस्टॅट, पाइप आणि रेडिएटरही त्यात आहेत, ते पाहा. दर भेटीला आपल्याला किती रक्कम भरायची, सुरुवातीचे किती दिवस दावा करता येत नाही, आधीपासूनचा बिघाड, गाळ आणि क्षार यांबद्दल काय लिहिले आहे, आणि बॉयलर जुना झाल्यावर ‘दुरुस्ती परवडत नाही’ म्हणून कंपनी हात वर करू शकते का, ही कलमे आधी वाचा. करार विम्याच्या स्वरूपाचा आहे की नुसता सेवेचा, हेही विचारा. तक्रारीच्या वेळी या फरकाला फार महत्त्व येते. भाड्याच्या घरात राहत असाल तर स्वतः करार घेऊ नका. इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्यानुसार हीटिंग आणि गरम पाण्याची दुरुस्ती घरमालकाची जबाबदारी आहे, आणि गॅसची वार्षिक तपासणी करून तिची प्रत भाडेकरूला देणेही त्याच्याकडेच आहे.

फोन करण्याआधी

काटा, स्क्रीनवरचा एरर कोड आणि थर्मोस्टॅटची बॅटरी पाहा. कडाक्याच्या थंडीत बॉयलरमधून गुळगुळ आवाज येत असेल तर बाहेर गेलेला कंडेन्सेट पाइप गोठलेला असू शकतो. त्यावर कोमट पाणी ओतून पाहा, उकळते नको. पाणी भरून प्रेशर वाढवायचे असेल तर बॉयलरच्या पुस्तिकेप्रमाणेच करा, आणि पुनःपुन्हा भरावे लागत असेल तर तो बिघाडच समजा. बॉयलरचे झाकण मात्र कधीही उघडू नका. घरात बाळ, वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर ते पहिल्याच फोनवर सांगा आणि तशी नोंद करायला लावा. तोवर खोली तापवण्यासाठी इलेक्ट्रिक हीटर वापराल तर तो थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा, एक्स्टेन्शन बोर्डला नको.

इंजिनीअर आल्यावर

गॅसचे काम करणाऱ्याचे नाव ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये असणे कायद्याने बंधनकारक आहे. १ एप्रिल २००९ पासून जुन्या ‘कॉर्गी’ची जागा या नोंदणीने घेतली आहे. कार्ड मागायला संकोच करू नका. त्या माणसाला कोणत्या कामांची परवानगी आहे ते कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलेले असते. काय तपासले, काय आढळले आणि काय बदलले, हे तो निघण्याआधी लिहून घ्या. वार्षिक सर्व्हिसच्या वेळी मॅग्नेटिक फिल्टर साफ करायला सांगा आणि तशी नोंदही कागदावर घ्या.

कंपनीने नकार दिला तर

नकार लेखी मागा, कलमाच्या उल्लेखासह. २०१५ च्या ‘कन्झ्युमर राइट्स ॲक्ट’नुसार सेवा वाजवी काळजीने आणि कौशल्याने द्यावी लागते. मुदत ठरलेली नसेल तर ती वाजवी वेळेत मिळाली पाहिजे, आणि काम नीट झाले नसेल तर ते पुन्हा करून मागता येते. फोनवर वाद घालण्यापेक्षा रीतसर तक्रार नोंदवा. करार विम्याचा असेल आणि आठ आठवड्यांत तोडगा निघाला नाही किंवा उत्तर पटले नाही, तर ‘फायनान्शियल ऑम्बड्समन सर्व्हिस’कडे विनामूल्य दाद मागता येते. कंपनीचे अंतिम उत्तर मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत हे करायला हवे.

एका बाबतीत मात्र करार, कंपनी, तक्रार सगळे बाजूला ठेवा. गॅसचा वास आला तर खिडक्या-दारे उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका, शक्य असेल तर मीटरजवळची कळ बंद करा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, म्हणून त्याचा अलार्म घरात हवाच.

तुम्ही किंवा तुमची मुले ब्रिटनमध्ये राहत असाल, तर सप्टेंबरात दोन कामे नक्की करा. हीटिंग तासभर चालवून प्रत्येक रेडिएटर वर-खाली हात लावून पाहा, आणि कराराचे कागद व सर्व्हिसच्या नोंदी एका फाइलमध्ये लावून ठेवा. पहिली कडक थंडी पडली की सगळ्यांचे फोन एकदम जातात, आणि त्या दिवशी कराराची कलमे वाचायला कोणालाच सवड नसते.