उंटाच्या टपाल-तिकिटावरून पाठ

कराडकडील मुलाने उंट पाहिला असला, तर तो बहुधा जत्रेत. हाच प्राणी एके काळी टपाल वाहत असे, हे त्यास एका लहानशा तिकिटावरून समजावून देता येते. १९३७ साली सहाव्या जॉर्ज बादशहाच्या चित्राची जी मालिका निघाली, तीतील आठ तिकिटांवर टपालाची साधने दाखविली होती : हरकारा, बैलगाडी, टांगा, उंट, आगगाडी, आगबोट, मोटार-लॉरी व विमान. ती नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापली गेली.

भूगोल : ही नावे फळ्यावर लिहून, कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात यांपैकी काय चालेल, असे विचारावे. वाळूत चाक रुतते. उंटाचा रुंद पाय रुतत नाही, व पाण्यावाचून तो पुष्कळ वाट चालतो. जशी भूमी तसे वाहन, हा नियम मुलांस आपण होऊन सापडेल.

गणित : तिकिटांच्या किमती अनुक्रमे २, २॥, ३, ३॥, ४, ६, ८ व १२ आणे होत्या. त्यांची बेरीज ४१ आणे, म्हणजे २ रुपये ९ आणे. १९५७ साली दशमान नाणी आली. म्हणून १६ आण्यांचा रुपया हे कोष्टक आधी सांगावे.

इतिहास : सिंध प्रांतात १८५२ साली निघालेले अर्ध्या आण्याचे तिकीट आशियातील पहिले मानले जाते. ते काढणारे बार्टल फ्रिअर त्यापूर्वी साताऱ्यास रेसिडेंट होते. सुदानच्या १८९८ सालच्या तिकिटावर उंटस्वार टपालवाला असून त्याच्या थैलीवर खार्टुमचे नाव आहे. तिकीट निघाले त्या मार्च महिन्यात ते शहर इंग्रजांच्या हाती आलेही नव्हते. ते सप्टेंबरात पडले. तिकीट हा राज्यकर्त्याचा शब्द असतो. तो पारखून घ्यावा, हे मुलांस येथे कळते. बादशहाचे नाव सर्वांस ठाऊक. हरकाऱ्याचे व उंटवाल्याचे नाव तिकिटावर कोठेच नाही, याकडेही लक्ष वेधावे.

सूचना : घरातील जुन्या पत्रांवरील तिकिटे मुलांस कापू वा उचकटू देऊ नयेत. पत्र कोठून, केव्हा निघाले हे टपालाच्या शिक्क्यावरून कळते. तिकीट काढले की तो पुरावा तुटतो. पाकीट जसेच्या तसे ठेवावे, व त्यावरील गाव, तारीख व किंमत वहीत उतरून घ्यावी. महाग तिकिटे विकत घेण्याची गरज नाही. एका जुन्या पाकिटाची नीट केलेली नोंद हाही संग्रहच होय.