ग्लासाचे किती ग्रॅम?



शाळेतल्या पोषण आहाराचा तक्ता ग्रॅममध्ये असतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 5 ग्रॅम तेल; सहावी ते आठवीच्या मुलाला 150, 30 आणि साडेसात. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हातात मात्र ग्लास असतो. देवरी, सालेकसा भागातल्या बायकांबरोबर बसते तेव्हा हा विषय हमखास निघतो, म्हणून या अंकात हाच धडा.

ग्लास जागा मोजतो, काटा वजन मोजतो. आपली जुनी पायलीही जागाच मोजते. कापणीच्या सणाला मंडळीत कोणी पायलीभर धान आणतो, कोणी पायलीभर तांदूळ. माप एकच, पण धान सालासकट असल्याने हलके, आणि गिरणीत 100 किलो धानाचे साधारण 67 किलो तांदूळ होतात. म्हणजे पायलीभर धानातून जेमतेम अर्धी पायली तांदूळ निघतो. गोंदियातल्या कुठल्याही आजीला हे ठाऊक आहे. तिची हीच समज बाकीच्या जिनसांना लावायची.

घरात काटा नसला तरी अडत नाही. एक किलोचे बंद पाकीट आणावे आणि रोजच्याच ग्लासाने मोजावे. काठावरून हात फिरवून सपाट भरावा, शीग नको. पाच ग्लास भरले तर 1000 भागिले 5, म्हणजे ग्लास 200 ग्रॅमचा. प्रत्येक जिन्नस वेगळा मोजून आकडा चुलीजवळच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावा. पाव लिटरच्या ग्लासात तांदूळ किंवा तूरडाळ 200 ग्रॅमच्या आसपास बसते, मीठ 300 च्या जवळपास, सैल कणीक सुमारे 130. कणीक दाबून भरली तर बरीच जास्त. पिठाच्या बाबतीत माझा ग्लासावर भरवसा नाही. तेलाचे लिटर म्हणजे किलो नव्हे, साधारण 910 ग्रॅम.

लेवीय 19:35-36 मध्ये खऱ्या तराजूबरोबर खरा एफा आणि खरा हिनही मागितला आहे. एफा धान्य मोजायचा, हिन तेल-द्राक्षारस. नियमशास्त्राने भांड्यालाही सोडलेले नाही.

आता खरी अडचण. पहिली ते पाचवीच्या 30 मुलांना 15 ग्लास तांदूळ आणि 3 ग्लास डाळ, हे पाचास एक प्रमाण बायकांना पाठ असते. दोन्ही जवळपास सारख्याच वजनाचे, म्हणून ते जमते. पण वसतिगृहात डाळ संपली की 3 ग्लास सोयाबीन वड्या पडतात, आणि सोयाबीन पौष्टिक म्हणून सगळे निश्चिंत. कोरड्या वड्या पोकळ असतात. ग्लासात साधारण 60 ग्रॅमच मावतात. ग्लासभर डाळीत 44 ग्रॅमच्या आसपास प्रथिने, ग्लासभर वड्यांत 31. ताट भरलेले दिसते, मुलाचे पोटही भरते, पण डाळीतून मिळणाऱ्या त्याच्या वाट्याच्या प्रथिनांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा कमी झालेला असतो. ज्या मुलाचे वजन आधीच कमी आहे, त्याला हे रोज परवडत नाही.

3 ग्लास डाळीच्या जागी वड्या घालायच्या तर साडेचार ग्लास घ्याव्यात, आणि त्या भिजवण्याआधी मोजाव्यात.