नारायण पंडितांची अवयव पाडण्याची रीती

नारायण पंडितांचा ‘गणितकौमुदी’ हा संस्कृत ग्रंथ इ. स. १३५६ मधील होय. पद्माकर द्विवेदी यांनी संपादिलेली त्याची मुद्रित प्रत वाराणसीच्या शासकीय संस्कृत महाविद्यालयाच्या सरस्वती भवन ग्रंथमालेत १९३६ व १९४२ साली दोन भागांत निघाली. त्यातील ‘भागादान’ हे अकरावे प्रकरण संख्येचे अवयव पाडण्याविषयी आहे.

रीती अशी : दिलेली विषम संख्या पूर्ण वर्ग नसल्यास तिच्यातून जाणाऱ्या सर्वांत मोठ्या वर्गाचे मूळ घ्यावे. मुळाच्या दुपटीत १ मिळवून त्यातून बाकी वजा करावी. आलेली संख्या वर्ग नसेल, तर तीत पुढच्या विषम संख्या क्रमाने मिळवीत जावे.

उदाहरणार्थ, १००१ = ३१² + ४०. येथे ६३ − ४० = २३. पुढे ६५, ६७, ६९ … मिळविता २३, ८८, १५५, २२४, २९५, ३६८, ४४३, ५२०, ५९९, ६८०, ७६३, ८४८, ९३५, १०२४ ही क्रमिका मिळते. चौदावे पद १०२४ हा ३२ चा वर्ग आहे. लगतच्या दोन वर्गांतील अंतर विषम संख्या असते. म्हणून क्रमिकेतील प्रत्येक पद म्हणजे ३२, ३३, ३४ … यांच्या वर्गांतून १००१ वजा केल्यावर उरणारी संख्या होय. अर्थात १००१ = ४५² − ३२² = ७७ × १३. याच रीतीने ७७ = ९² − २² = ११ × ७. तिन्ही मूळ अवयव हाती आले.

हीच रीती फ्रान्समध्ये पियेर द फेर्मा यांनी १६४३ साली स्वतंत्रपणे मांडली. त्यांच्या २,०२,७६,५१,२८१ या दहा अंकी संख्येचे ४६,०६१ व ४४,०२१ हे अवयव अवघ्या बाराव्या पदाला सापडतात. उलट १००९ ही मूळ संख्या असल्याने तिची क्रमिका ५०५² − ५०४² पर्यंत, म्हणजे ४७४ पदे, चालवावी लागते. ३१ पर्यंतच्या अकरा मूळ संख्यांनी भागून पाहिल्यास तोच निर्णय लवकर होतो. तात्पर्य, या रीतीतील श्रम संख्येच्या आकारापेक्षा तिच्या अवयवांमधील अंतरावर अधिक अवलंबून असतात.

या निष्कर्षाला आज व्यावहारिक मोल आहे. १९७७ मध्ये पुढे आलेल्या आरएसए गुप्तलेखनाची सुरक्षितता दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी आहे. त्या दोन संख्या परस्परांच्या फार निकट निवडल्या, तर सहाशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही रीती ते कुलूप सहज उघडू शकते.