कळंबीचे शिदनाक इनामदार

मिरज तालुक्यातील कळंबी हे गाव सांगली जिल्ह्याबाहेरच्या आपल्या बांधवांना फारसे माहीत नसेल. हे गाव सातारच्या शाहू छत्रपतींनी एका महार वीरास इनाम दिले. त्या वीराचे नाव शिदनाक.

शाहू महाराज १७०७ साली मोगलांच्या कैदेतून सुटले, १७०८ साली सातारा येथे त्यांचा राज्याभिषेक झाला आणि १७४९ पर्यंत त्यांनी राज्य केले. त्या काळात पराक्रमाबद्दल मिळालेले हे इनाम. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. महारकी वतन आणि इनाम गाव या दोन वेगळ्या गोष्टी. वतन म्हणजे तुकडाभर जमीन आणि त्यापोटी गावाची रात्रंदिवस राबणूक. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात ज्याविरुद्ध बिल आणले, तेच हे वतन. इनामदाराकडे मात्र गावचा वसूल येई. म्हणजे ज्या समाजाला वेशीबाहेर ठेवले, त्यातलाच एक पुरुष अख्ख्या गावाचा धनी झाला होता.

याच घराण्यात पुढे दुसरा शिदनाक झाला. तो परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबर खर्ड्याच्या लढाईला गेला. चौथाईच्या थकबाकीवरून पेशवे आणि निजाम यांच्यात ११ मार्च १७९५ रोजी ही लढाई झाली. मराठ्यांचे सेनापतिपद भाऊंकडे होते. छावणीत शिदनाकाचा तंबू इतर सरदारांच्या तंबूंना लागून पडला, तेव्हा विटाळाची कुरकूर सुरू झाली. महाराचा तंबू दूर हलवा, अशी मागणी झाली. त्या वेळी हिरोजी पाटणकरांनी निवाडा केला, असे सांगतात. ही काही जेवणाची पंगत नव्हे, ही तलवार चालवणारांची रांग आहे, येथे जात कसली पाहता, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. तंबू जागेवरच राहिला.

लढाईत भाऊ थोड्या स्वारांनिशी टेहळणीस पुढे गेले असता पठाणांनी त्यांना गाठले. भाऊ जखमी झाले. त्या गर्दीत शिदनाकाने धावून जाऊन त्यांचा जीव वाचवला, अशी आपल्याकडची कथा आहे. मात्र भाऊंचे पुतणे विठ्ठलराव तेथेच पडले.

पाटणकरांचे कौतुक जरूर करावे. पण त्यांच्या बोलण्यात एक सवलत लपलेली आहे, तीही पाहावी. रणांगणावर जात नाही, म्हणजे जेवणाच्या पंगतीत ती आहेच! इनाम, तलवार, स्वारी सर्व असूनही शिदनाकाला तंबूच्या जागेसाठी दुसऱ्याच्या शब्दाची गरज पडली.

काही पुस्तिकांतून हाच शिदनाक १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढला, असे छापले जाते. खर्डा ते कोरेगाव हे अंतर तेवीस वर्षांचे आहे. कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' शेवटी असलेली नावे अनेक आहेत, कारण महारांच्या नावांची ती रीतच होती. एवढ्यावरून दोन माणसांची एक करणे बरोबर नाही. आपल्या पूर्वजांना उसन्या कीर्तीची गरज नाही. कळंबीची सनद आणि खर्ड्याची छावणी पुरेशी आहे.

सातारा-सांगलीकडील ज्या बांधवांच्या घरी जुनी मोडी कागदपत्रे पेटीत पडून असतील, त्यांनी ती वाळवी लागण्यापूर्वी जाणकाराकडून वाचून घ्यावीत. मोडी वाचणारी माणसे आता फार थोडी राहिली आहेत.